दोरी तरंगते कशी, बुडते का? आठवीच्या वर्गातला एक फसलेला प्रयोग



आठवीला 'बल व दाब' शिकवताना आपण सगळेच एक वाक्य फळ्यावर लिहितो. वस्तूची घनता पाण्यापेक्षा कमी असेल तर ती तरंगते, जास्त असेल तर बुडते. मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात, विषय संपतो. मीही इतकी वर्षं हेच करत आले. यंदा मात्र एका दोरीने मला या वाक्याच्या पुढे नेलं, आणि त्या भानगडीत मी दुसऱ्याच्या घरची एक जपलेली वस्तू जवळजवळ खराब केली. म्हणून हा लेख. प्रयोग तुम्हालाही वर्गात करता येईल, चूक मात्र माझी मीच केलेली बरी.

झालं असं. आमची शाळा नेरूळची. वर्गात गावठाणातली मुलं आहेत, सेक्टरमधल्या सोसायट्यांतली आहेत, आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांची तर नेरूळमध्ये कमी नाही. "तरंगणारी आणि बुडणारी एकेक वस्तू घरून आणा" असं सांगितल्यावर नेहमीच्या वस्तू आल्या: खोडरबर, बाटलीचं झाकण, लिंबू, किल्ली. एका मुलीने मात्र दोन रिळं आणली. एका रिळावर पोपटी रंगाची जाडसर, गुळगुळीत दोरी. दुसऱ्यावर तपकिरी, चिकट, जुन्या वासाची. म्हणाली, "बाई, ही पप्पांची आणि ही आजोबांची. दोन्ही मासे पकडायच्या आहेत. पप्पा म्हणतात, दोन्ही पाण्यापेक्षा वेगळ्या कारणाने तरंगतात."

वेगळ्या कारणाने? मला तर एकच कारण माहीत होतं.

तिचे वडील आणि आजोबा दोघंही जहाजावरचे. आजोबांनी परदेशातल्या बंदरात कधीतरी फ्लाय फिशिंगचा नाद लावून घेतला, तो मुलाकडे आला. आपल्याकडचा नेहमीचा गळ कसा असतो? गळाला आमिष, जवळ शिशाचा तुकडा, आणि त्या वजनाच्या जोरावर बारीक दोरा लांब फेकला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. गळाला पिसं आणि धागा बांधून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच. पीस कितीही जोरात फेका, ते हातभर पुढेच पडणार. म्हणून इथे दोरीलाच वजन दिलेलं असतं. काठीने दोरी हवेत पुढे-मागे झुलवायची, ती सरळ उलगडत जाते आणि माशी आपसूक तिच्यामागे जाते. मासा पृष्ठभागावरची माशी खायला वर येतो, त्यामुळे दोरीही वरच राहावी लागते. ती बुडाली की माशीलाही खाली ओढते, आणि पुढच्या फेकीसाठी उचलताना पाण्याखालून ओढून काढावी लागते. फेक फसते, मासे बिचकतात.

थोडक्यात, फेकण्यासाठी वजनदार पण तरंगण्यासाठी हलकी, अशी दोरी हवी. ही अडचण मुलांना फार आवडली. "बाई, हे तर होऊच शकत नाही," असं मागच्या बाकावरून उत्तर आलं. मग आम्ही मोजलं.

पप्पांची दोरी सुमारे २७ मीटर. वर्गात मावेना, म्हणून व्हरांड्यात उलगडली. या टोकाला मी, त्या टोकाला दोन मुलगे, मधे बाकीचे. (मुख्याध्यापक तिथून गेले, काही बोलले नाहीत, दोरी ओलांडून गेले.) या दोऱ्यांवर क्रमांक असतात. क्रमांक ठरतो तो पुढच्या ३० फुटांच्या म्हणजे ९.१४ मीटरच्या वजनावरून. ही ५ क्रमांकाची होती, आणि ५ क्रमांकासाठी ठरलेलं वजन १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. मीटरला साधारण एक ग्रॅम! मुलांना आधी वाटलं होतं, दोरी चांगली पाव किलो तरी भरेल. "वजनदार" हा शब्द कशाच्या तुलनेत वापरायचा, हे इथे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता ती तरंगते का, ते पाहू. आत विणलेला नायलॉनचा गाभा असतो. नायलॉनची सापेक्ष घनता सुमारे १.१४, म्हणजे तो बुडणारा. वर पीव्हीसीचं आवरण. पीव्हीसी तर आणखी जड, आपल्या नळाच्या पाइपाचा तुकडा बादलीत टाकून पाहा. दोन बुडणाऱ्या वस्तूंची मिळून तरंगणारी वस्तू कशी झाली? तर आवरणात डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ काचेच्या गोळ्या मिसळलेल्या असतात. प्रत्येक गोळीत वायू कोंडलेला. त्यामुळे पूर्ण दोरीची सरासरी घनता पाण्याच्या जरा खाली येते. अशा दोऱ्या अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत तयार झाल्या. लोखंडाचं जहाज ज्या कारणाने तरंगतं तेच कारण इथे, फक्त एका पोकळीऐवजी असंख्य पोकळ्या. हे आपल्या पुस्तकातल्या वाक्यात नीट बसतं.

आजोबांची दोरी बसत नव्हती. ती होती रेशमाची.

रेशमाची सापेक्ष घनता सुमारे १.३. त्यात हवेच्या गोळ्या नाहीत, काही नाही. विणलेलं रेशीम जवसाच्या तेलात मुरवून, वाळवून, घासून गुळगुळीत केलेलं. पुस्तकाच्या नियमाने ही दोरी बुडायलाच हवी. आणि तरी प्लॅस्टिकच्या दोऱ्या येण्याआधी कित्येक दशकं लोकांनी रेशमाच्याच दोऱ्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या फेकल्या. कसं काय?

याचं उत्तर आम्हाला पहिल्यांदा मिळालं ते मुलीच्या आजीकडून. मुलीने घरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आजीचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं: "तुझ्या आजोबांची ती दोरी आणि माझ्या साड्या, यांचं आयुष्यभर भांडण." म्हणजे काय, तर व्हरांड्यात दोन खिळ्यांमध्ये ती दोरी वाळत घातलेली असायची आणि त्या दिवशी तिथे दुसरं काही वाळत घालायचं नाही. मासेमारीहून आल्यावर, कितीही दमलेले असले तरी, आजोबा आधी दोरी रिळावरून उतरवायचे, पुसायचे, सावलीत वाळवायचे. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी बोटावर ग्रीस घेऊन तिला अगदी पातळ हात द्यायचे आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायचे. "लावायचं आणि पुसायचं. मग लावायचं तरी कशाला?" हा आजीचा प्रश्न. प्रश्न फार चांगला आहे. त्यावर आमचे दोन तास गेले आणि ते सत्कारणी लागले.

एक टब, पाणी, शिवणाची सुई. सुई तेलकट बोटाने पुसून, कागदाच्या कपट्यावर ठेवून हळूच पाण्यावर सोडली की तरंगते. हे आपण सगळे पृष्ठताण शिकवताना दाखवतो. पण 'तरंगणं-बुडणं' वेगळ्या दिवशी आणि 'पृष्ठताण' वेगळ्या दिवशी, त्यामुळे मुलांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना भेटतच नाहीत. त्या इथे भेटवा. फळ्यावर हिशेब असा मांडला. एक मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब दोरी घ्या. तिचं आकारमान सुमारे ०.७९ घनसेंटिमीटर. म्हणजे पूर्ण बुडाली तरी ती ०.७९ ग्रॅम पाणी बाजूला सारेल, प्लावक बल तेवढंच. रेशमाची असेल तर तिचं वजन साधारण १.०२ ग्रॅम. तूट किती? पाव ग्रॅमहूनही कमी. आता पाण्याच्या पृष्ठताणाकडे पाहा. साध्या तापमानाला तो मीटरला ०.०७२ न्यूटन आहे. ग्रॅमच्या भाषेत, पाण्याच्या पृष्ठभागाची एक मीटर कड सुमारे ७ ग्रॅम वजन पेलू शकते. दोरीला दोन बाजूंनी दोन कडा, म्हणजे जास्तीत जास्त १४ ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात ओढ तिरकी असते, त्यामुळे एवढं मिळत नाही. पण गरज पाव ग्रॅमची आणि ताकद कित्येक ग्रॅमची, हे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा वर्ग गप्प झाला. मीसुद्धा. बारीक वस्तूच्या बाबतीत घनतेपेक्षा पृष्ठभाग जास्त बोलतो, हे मी पहिल्यांदाच आकड्यांत पाहत होते.

अट एकच. पाण्याने दोरीला चिकटता कामा नये. दोरी पाणी झिडकारणारी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पाणी खोलगट होतं आणि तिला झोळीसारखं वर धरतं. तीच दोरी ओली होऊ लागली की पाणी तिच्या पाठीवर चढतं, दोन्ही कडा वर येऊन मिळतात, झोळी संपते. मग उरतं फक्त प्लावक बल, आणि तिथे पाव ग्रॅमची तूट आहेच. म्हणून ग्रीस. आणि म्हणूनच ते पातळ हवं. दोरीला हलकं करणं हे त्याचं काम नाहीच, पाण्याला दूर ठेवणं एवढंच काम आहे, आणि त्याला पातळ थर पुरतो. जास्त ग्रीस राहिलं तर त्यावर धूळ, शेवाळ, गाळ बसतो. गाळाला पाणी आवडतं. म्हणजे जास्त लावलेलं ग्रीसच शेवटी दोरी बुडवतं. आजीच्या प्रश्नाचं हे उत्तर.

वर्गात रेशमाच्या दोरीवर प्रयोग केले नाहीत. सुती दोऱ्याचे वीतभर तुकडे घेतले. सुताची घनता दीडच्या आसपास, म्हणजे रेशमाहूनही जड. काही तुकडे कोरे, काहींवर मेणबत्ती हलकी फिरवून फडक्याने पुसलेली. कोरे थोडा वेळ तरंगले, मग एका टोकाकडून पाणी पीत पीत खाली गेले. मेणाचे वर राहिले. मग टबात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. मेणाचे बहुतेक तुकडे बसले, एक मात्र बसेना. मुलं म्हणाली, प्रयोग फसला. मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. ज्या मुलाने तो केला होता त्याने मेण भरपूर थापलं होतं, पुसलंच नव्हतं. मेण पाण्याहून हलकं, त्यामुळे तो तुकडा आता खरोखरच पुस्तकातल्या नियमाने तरंगत होता. एकाच टबात तरंगण्याची दोन कारणं शेजारी शेजारी! असा "फसलेला" तुकडा तुमच्या वर्गात कोणी केला नाही तर तुम्ही मुद्दाम करा.

आता माझी चूक.

पप्पांची पोपटी दोरी व्हरांड्यात पसरल्यामुळे धुळीने मळली होती. दुसऱ्याची वस्तू परत करताना स्वच्छ करून द्यावी, या चांगल्या हेतूने मी ती घरी नेली. बादलीत भांडी घासायचं जेल चांगलं पिळून टाकलं, गरम पाणी ओतलं, दोरी रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी गॅलरीत कडक उन्हात टाकली. साबणाचा थेंब मेणाचे दोरे कसे बुडवतो, हे आदल्याच दिवशी मुलांना दाखवणारी बाई मीच! शाळेत टबात टाकून पाहिली तर दोरी तळाला गेली नाही, आत काचगोळ्या होत्याच, पण जी आधी पाण्यावर उठून दिसायची ती आता पाण्यात बरोबरीने लोळत होती. पुढचं मीटर-दीड मीटर टोक तर सरळ खाली.

मुलीचा चेहरा उतरला. मे महिन्यात पप्पा सुट्टीवर आले की दोघं हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जाणार, असं ठरलेलं. ही तिची पहिली खेप. दोरी म्हणजे तिच्यासाठी दोरी नव्हतीच. ती काही बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला तोंड देणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी तिच्या आईला फोन करून खरं ते सांगितलं. आईने वडिलांना कळवलं. दोन दिवसांनी जहाजावरून वडिलांचाच फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, "मॅडम, साबण लावला हे बिघडलं नाही. साबण राहिला, हे बिघडलं. काढता येईल." आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी टिपून घेतलं. कोणाच्या घरी अशी दोरी असेल तर उपयोगी पडेल, आणि नसेल तरी त्यातली कारणं वर्गात सांगण्यासारखी आहेत.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. दोरीवर असा थर राहिला की तिचा पृष्ठभाग पाण्याला जणू बोलावतोच. म्हणून पहिला उपाय म्हणजे साधं कोमट पाणी, पुन्हा पुन्हा बदलून. आम्ही चार बादल्या पाणी वापरलं, ते नंतर शाळेच्या झाडांना घातलं. दोरी सैल वेटोळ्यांत बादलीत सोडायची आणि मऊ सुती फडक्याच्या चिमटीतून हळूहळू ओढायची. चिमूट घट्ट नको, घासणी तर नकोच. फडक्यावर राखाडी रेघ उमटायची थांबली की दोरी स्वच्छ. एरवी दोरी मळली तर याच पद्धतीने, पण पहिल्या बादलीत सौम्य साबणाचे एक-दोन थेंबच, आणि नंतर साध्या पाण्यात पूर्ण खळबळून. मग सावलीत वाळवायची आणि अशा दोऱ्यांसाठी मिळणारं द्रव्य फडक्यावर थेंबभर घेऊन पातळ फिरवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. आजोबांचं "लावायचं आणि पुसायचं" इथेही आलंच.

ऊन आणि गरम पाणी का नको? पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपासारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य मिसळतात. उष्णतेने, उन्हाने, तीव्र रसायनांनी हे द्रव्य हळूहळू निघून जातं. जुना रेनकोट घडीवर तडकतो ना, तेच दोरीचं होतं. आणि तडा गेला की पाणी आतल्या विणलेल्या गाभ्यात शिरतं, दोरी आतूनच जड होते. याला उपाय नाही. वरून कितीही पुसा. वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या कधी लक्षात आली नसती. हाताला लावलेलं सनस्क्रीन आणि डीट हे रसायन असलेलं डासांचं मलम दोन्ही प्लॅस्टिकच्या शत्रू आहेत. डीट तर काही प्लॅस्टिक चक्क विरघळवतं. खाडीकाठी राहणाऱ्या आपल्या लोकांच्या हातावर संध्याकाळी यातलं एक तरी असतंच. लावलं असेल तर दोरीला हात लावण्याआधी धुवायचा, एवढं सोपं आहे.

टोक मात्र चार बादल्यांनंतरही खाली जात होतं. तिथे कारण वेगळं निघालं. दोरी टोकाकडे निमुळती होत जाते. गाभा तेवढाच राहतो, आवरण पातळ होतं, म्हणजे काचगोळ्याही कमी. शिवाय टोकाला गाभा उघडा असतो आणि विणलेला नायलॉन कंदिलाच्या वातीसारखा पाणी ओढतो. माझ्या रात्रभर भिजवण्याने त्याने पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं. टोक दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवलं आणि उघड्या तोंडावर फेविक्विकचा एक थेंब देऊन ते बंद केलं. हे काम मुलीनेच केलं, माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं.

याच सगळ्या काळात वर्गातला सारसोळे गावातला एक मुलगा एकदाही बोलला नव्हता. बादल्यांच्या दिवशी तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे रोजच करतात हे. जाळं आल्यावर आधी धुतात." मग आम्ही एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, सारसोळेच्या जेट्टीवर गेलो. त्याचे वडील जाळं दुरुस्त करत बसले होते. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं, मधे जाळं पडद्यासारखं उभं. जाळ्याचा नायलॉन पाण्यात बुडणारा, वरची दोरी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर आपसूक तरंगणारी, कारण त्याची घनता ०.९ च्या आसपास. कारखान्यातल्या माणसाने जे एका दोरीत कोंबलं होतं, ते इथे वेगवेगळं, उघड्यावर मांडलेलं होतं. मुलांना प्लावक बलाचा पाठ शिकवायला याहून चांगलं चित्र मला तरी माहीत नाही. मी विचारलं, "दादा, न धुता ठेवलं तर?" ते हसले. "जालं धुतलं नाय तं जड होतं. मंग बोया दाबला जातो." खाडीचा गाळ, शेवाळ, बारीक शंख-शिंपले. एकेक कण हलका, पण जाळंभर झाले की वरची दोरी पाण्याखाली जाते आणि मासा वरून निघून जातो.

त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी सुती जाळ्यांचा काळ पाहिलेला. सुती आणि तागाची जाळी पाण्यात कुजायची, म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात ती उकळून रंगवायची आणि दर खेपेनंतर वाळवायची, ही कोकण किनाऱ्यावरची जुनी रीत. नायलॉन आलं आणि तो काढा गेला. आमच्या मुलीच्या लगेच लक्षात आलं: "बाई, म्हणजे आजोबांची दोरी आणि यांचं जाळं एकाच वेळी बदललं." अगदी बरोबर. जवसाचं तेल तिकडे, सालीचा काढा इकडे, आणि दोन्हींची जागा घेणारं नायलॉन एकच. त्या दोन मुलांनी जेट्टीवर उभं राहून एकमेकांच्या आजोबांबद्दल ज्या गप्पा मारल्या, त्या मी लांबूनच ऐकल्या. एकाच वर्गात तीन वर्षं बसून ती दोघं याआधी फारशी बोलली नव्हती.

सहल करणार असाल तर एक सूचना. नेरूळमधल्या होल्डिंग पाँडच्या काठावर मुलांना पाण्याजवळ नेऊ नका. चिखल फसवा असतो आणि भरती-ओहोटीचं पाणी बघता बघता बदलतं. टब पुरतो. जेट्टीवरही घरच्या जाणत्या माणसाबरोबरच जा, आणि त्यांच्या कामाची वेळ सोडून.

रेशमाच्या दोरीचं काय केलं, असं कोणी विचारेल. तिला हात लावला नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पण वर्षानुवर्षं रिळावर घट्ट गुंडाळलेली दोरी आपल्या दमट हवेत चिकट होते. ते जुनं तेल काढून नवं चढवता येतं, पण ते कित्येक आठवड्यांचं, सरावाचं काम आहे, आणि एक दोरी मी आधीच भिजवून झाले होते. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे ती रिळावरून उतरवून मोठ्या सैल वेटोळ्यांत सुती पिशवीत ठेवली आहे. उतरवताना आजी स्वतः आली होती. वेटोळी करण्याचा हात तिला अजून येतो. इतकी वर्षं भांडली, पण पाहत होती!

पोपटी दोरीची शेवटची चाचणी आम्ही टबात घेतली. मधला भाग पूर्वीसारखा पाण्यावर उठून दिसतो. टोक तरंगतं, पण आधीच्या मानाने जरा खाली. वडील म्हणाले, चालेल, अगदीच वाटलं तर टोकाचं वीतभर कापू. मी मात्र त्यांना मे महिन्यात परत विचारणार आहे.

त्याच दिवशी सारसोळेच्या मुलाने विचारलं, "बाई, मग बदकाला ग्रीस कोण लावतं?" बदक स्वतःच लावतं. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांवर पसरवतं, आणि पिसांची बारीक वीण पाणी अडवते. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. जेट्टीजवळच्या खांबावर पाणकावळा पंख पसरून उन्हात का बसतो? त्याला तेल लावता येत नाही का? पाणकावळ्याची पिसं बाहेरच्या बाजूने भिजतात, त्यामुळे पिसांत हवा कमी अडकते आणि त्याला खोल बुडी मारणं सोपं जातं. मासा पाण्याखाली आहे, त्याला तरंगून चालत नाही. मग बाहेर येऊन पंख वाळवत बसावं लागतं. फ्लाय फिशिंगमध्येही मुद्दाम बुडणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांच्या आवरणात काचगोळ्यांऐवजी टंगस्टनची पूड घालतात.

पुढच्या शनिवारी आम्ही दुर्बीण घेऊन पाणकावळा बघायला जाणार आहोत. तो पंख किती वेळ पसरून बसतो ते घड्याळ लावून मोजायचं, असं मुलांनी ठरवलं आहे. तुमच्या शाळेजवळ तळं, धरण किंवा खाडी असेल तर तुम्हीही मोजा आणि कळवा.